चेंडू आत्ता कुठे आहे?

२ ऑगस्ट, शनिवार

उद्यापासून सीझन. यंदाचा संकल्प एकच, पण पक्का: दुसऱ्यांचं लिखाण वाचून चिडायचं नाही. बीपी वाढतं आणि लिखाण काही सुधारत नाही. आपण आपलं नीट लिहावं आणि गप्प बसावं.

सकाळी अकरापर्यंत पाळला. मग फोन उघडला. पहिलीच हेडलाइन: त्याने चेंडू छातीवर घेतला आणि पुढे जे घडलं ते पाहून अख्खं मैदान स्तब्ध! वाचत गेलो. मध्ये गुडघेदुखीचं तेल, मग सोफासेट, मग पुन्हा तेल. पुढे घडलं काय, तर थ्रो-इन. थ्रो-इन बघून अख्खं मैदान स्तब्ध होत असेल तर त्या लोकांना डॉक्टरकडे न्यायला हवं.

त्यात बातमी आमच्याच पोर्टलची. हेडलाइन माझी नाही. मजकूर माझा होता, सराव-मॅचवरचा, चांगला दोन पानी. त्यातला थ्रो-इन तेवढा ठेवलाय.

पूर्वी संध्याकाळच्या पेपरात मॅचचा रिपोर्ट यायचा. साधासुधा असायचा, पण वाचता वाचता चेंडू दिसायचा. डावीकडून निघाला, मध्ये अडला, परत उजवीकडे गेला. दादा तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गोदी क्लबचा गोलकीपर होता. स्वतःच्याच मॅचचा रिपोर्ट वाचायचा आणि स्वतःचं कौतुक आलं की नेमकं ते वाक्य गाळायचा. मी नंतर पेपर पळवून तेच वाक्य शोधायचो. लिहिण्याचा नाद मला तिथे लागला.

आता दादाला दिसत नाही. डायबेटिसने डोळे गेले. वहिनी गेल्यापासून तो आमच्याकडे असतो, मागच्या खोलीत. दुपारी पुतणीचा, म्हणजे दादाच्या मुलीचा, फोन आला. त्याला तिच्या गावी न्यायचं म्हणते, कायमचं. नोव्हेंबरात रजा काढून येईन म्हणाली. मी विचारलं, तिथे त्याला मॅच कोण सांगणार? ती म्हणाली, टीव्ही आहे की काका. मी हसलो. टीव्ही!

३ ऑगस्ट, रविवार, सं. ७

गोदी क्लबची पहिली मॅच. बरोबरी. घरच्या मैदानावर, आणि आमचं घर मैदानापासून दोन गल्ल्यांवर. तरी टीव्हीवरच बघितली. मैदानात बसून खेळ दिसत नाही, नुसती पुढच्याची पाठ दिसते.

कॉमेंटरीला दोघे. एकाचं नाव मी ओरड्या ठेवलंय. कॉर्नर मिळाला तरी ओरडतो, हुकला तरी ओरडतो, रेफरीने बुटाची नाडी बांधली तरी ओरडतो. दुसरा माजी खेळाडू. त्याने आज तीनदा सांगितलं की शेवटी जो जास्त गोल करतो तो जिंकतो. बाकी वेळ दोघे मिळून एका फॉरवर्डच्या नव्या हेअरकटवर बोलत होते. मग त्याची किंमत, मग त्याची मैत्रीण. एवढ्यात चेंडू तीनदा या टोकाचा त्या टोकाला जाऊन आला.

दादा खुर्चीत पुढे वाकून बसला होता. त्याने विचारलं, चेंडू कुठेय? कोणी सांगेना. पुन्हा विचारलं, चेंडू आत्ता कुठेय? टीव्हीवर हेअरकट चालूच.

या माणसाला पेनल्टीच्या आधीच कळायचं की समोरचा कुठे मारणार. आणि आज त्याला चेंडू कुठे आहे एवढंसुद्धा कोणी सांगत नाही. मी रिमोट घेतला, आवाज बंद केला आणि स्वतः सांगायला लागलो.

जमलं. फारच छान जमलं. स्वतःच स्वतःला म्हणू नये, पण अशी कॉमेंटरी हल्ली ऐकायला मिळत नाही. दादा एक शब्द बोलला नाही. मधे एकदाच त्याने विचारलं, लोक बरेच आलेत का. मी म्हणालो, आलेत, आणि पुढे सांगू लागलो. प्रेक्षक हा काही टेक्निकल मुद्दा नाही.

एक अडचण आली. खिडकीतून मैदानावरचा गलका आत येतो. त्यात टीव्हीवर मॅच ॲपमधून येते, त्यामुळे चित्र जरा उशिरा दिसतं आणि गलका आधी पोचतो. म्हणजे मी तोंड उघडायच्या आत खिडकी सांगून मोकळी. खिडकी लावून घेतली.

दादा कुठेही जात नाही. आता तर नाहीच.

११ ऑगस्ट, सोमवार

ऑफिस. हेडने केबिनमध्ये बोलावलं. हेड म्हणजे आमचे कंटेंट हेड. पूर्वी या खुर्चीला संपादक म्हणायचे. माझ्या मुलाच्या वयाचा आहे, पण मला मूल नसल्यामुळे मी त्याला सर म्हणतो.

गोदीच्या डिफेन्सवर मी लिहिलेला लेख त्याने स्क्रीनवर उघडला होता. डावा बॅक पुढे गेला की मागे जी मोकळी जागा राहते त्याबद्दलचा. मला वाटलं, चर्चा करणार. तो म्हणाला, वाचक सरासरी दुसऱ्या ओळीला निघून जातो. मी म्हणालो, पहिली ओळ चांगली आहे म्हणजे. तो म्हणाला, शेवटपर्यंत एकच माणूस जातो, आणि ते लॉगिन तुमचं आहे.

लेख त्याने आधीच छापला होता, म्हणजे टाकला होता. नाव: गोदीच्या अपयशामागचं ते एक गुपित, क्रमांक चार वाचून हादराल. क्रमांक चार नव्हताच. तीन होते. कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी त्याला माझा सदराचा प्रस्ताव सांगितला. शीर्षक, चेंडू आत्ता कुठे आहे. दर सोमवारी एक मॅच, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशी झाली तशी. त्यात हेअरकट नाही, किंमत नाही. तो म्हणाला, सॅम्पल पाठवा. याचा अर्थ हो. बघूया म्हणाला असता तर गोष्ट वेगळी.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, लिही. तू लहानपणीसुद्धा चांगलं लिहायचास. तोंड धुवायला गेलो.

२४ ऑगस्ट, रविवार, सं. ७.३०

बाहेरगावची मॅच. हरलो. ०-३.

हे फक्त इथे. दादाला ०-१ सांगितलं.

खोटं नव्हे. संपादन. पेपरात असताना मी किती रिपोर्ट कापलेत. आजचे दोन गोल तर नुसता पसारा होता; गोलकीपर घसरला, चेंडू आत. त्यातून वाचकाला काय मिळणार? जागेअभावी वगळले.

कारणही आहे. गेल्या रविवारी हरलो तेव्हा दादा जेवला नाही. ताटावर हात ठेवून बसून राहिला. बायको म्हणाली, औषधावर उपाशी राहून चालणार नाही त्यांना. म्हणजे हे डॉक्टरी संपादन आहे.

आज अर्धं ताट जेवला. तीन गोल ऐकून काहीच जेवला नसता.

७ सप्टेंबर, रविवार

ओरड्याने आज कहर केला. मॅच चालू असताना मधेच त्याने एका बँकेची, मग टायरची, मग स्वतःच्या पॉडकास्टची जाहिरात केली. माजी खेळाडू म्हणाला, फुटबॉल हा भावनांचा खेळ आहे. आवाज बंद असूनही मला हे माहीत आहे, कारण आता खाली लेखी येतं.

घरच्या मैदानावर हरलो, ०-२. मी १-१ केली.

करायची नव्हती. पण झालं असं की शेवटची काही मिनिटं राहिली आणि दादाने हळूच विचारलं, आपले चढतायत का रे? त्याच्या विचारण्यात काय होतं कोण जाणे. मला नाही म्हणवेना. म्हणालो, चढतायत. एकदा चढतायत म्हटल्यावर कुठेतरी पोचवायला नको? डावीकडून लेफ्ट विंगर निघाला, त्याने एकाला चकवलं, क्रॉस टाकला, हेडर, गोल. तो विंगर आज टीममध्ये नव्हता. घोटा दुखावलाय त्याचा, पाय खुर्चीवर ठेवून घरी बसला असेल.

दादा हसला. खूप दिवसांनी. आणि मी सांगतो, तो गोल सुंदर होता. पूर्ण सीझनमध्ये असा गोल कोणी मारला नाही.

बायको दारात उभी होती. टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. नंतर म्हणाली, त्यांना खरं काय ते सांगून टाका. मी म्हणालो, हा तुझा विषय नाही. ती म्हणाली, फुटबॉल माझा विषय नाही, दादा आहेत.

१५ सप्टेंबर, सोमवार

काम वाढलंय. आमचे न्हावीदादा दर आठवड्याला घरी येऊन दादाची दाढी करतात. त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हणालो, आत फुटबॉल काढायचा नाही, डॉक्टरने सांगितलंय. ते म्हणाले, मग बोलू काय? मी म्हणालो, हवा. आत जाऊन त्यांनी पूर्ण दाढी होईपर्यंत हवेवर भाषण दिलं. वारा पश्चिमेकडून आहे म्हणाले. दादा गालाला साबण लागलेला असताना काही बोलत नाही, म्हणून निभावलं.

दादा मनातल्या मनात गुण मोजतो. आज म्हणाला, म्हणजे आपण चौथे असायला हवे. खरं तर आम्ही खालून दुसरे आहोत. सीझन संपला की शेवटचे दोघे खालच्या लीगमध्ये जातात. मी म्हणालो, चौथे म्हणजे, गोलफरकाने पाचवे. अगदी चौथे सांगितले असते तर माझं मलाच पटलं नसतं.

सदराचं सॅम्पल पुढच्या आठवड्यात नक्की.

५ ऑक्टोबर, रविवार, दु. १

मॅच साडेचारला, घरच्या मैदानावर. आत्ता जेवताना दादा म्हणाला, मला आज मैदानावर ने.

मी म्हणालो, स्टँडची दुरुस्ती चालू आहे. तो म्हणाला, उभा राहीन. मी म्हणालो, गर्दी फार असते. (गर्दी कुठली? गेल्या वेळी टीव्हीवर बाकं रिकामी दिसत होती.) तो म्हणाला, गर्दीच हवीय मला. गोलच्या मागे कठड्याला टेकून उभा राहतो, तू सांगू नकोस काही. मी म्हणालो, मग तुला कळणार काय? तो म्हणाला, बघू की.

तिथे नेलं तर सगळंच कळेल. कोणीतरी जुना भेटणार, खांद्यावर हात टाकणार आणि क्लबचं काय हे असं झालं म्हणून गळा काढणार. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात नेतो, नक्की.

तो बरं म्हणाला. दादा बरं म्हणाला की मला लहानपणीसारखं वाटतं, आपण काहीतरी फोडून ठेवल्यासारखं. पण हे त्याच्याच भल्याचं आहे. त्याला मैदानावर काय मिळणार? उन्हाचा त्रास, धक्काबुक्की. आणि घरी अख्खी मॅच मिळते.

सं. ७

२-१ जिंकलो. म्हणजे या खोलीत. मधे दादा म्हणाला, उकडतंय, खिडकी उघड. पंखा वाढवला.

१९ ऑक्टोबर, रविवार, सं. ७

आजची मॅच सदरासाठी निवडली होती. घरचं मैदान, वरच्या नंबरची टीम, आणि टिकायचं तर आम्हाला आज हरून चालणार नव्हतं. हरलो. ०-१.

दादाला सांगताना मात्र मी असा रंगलो की विचारू नका. दुसऱ्या हाफमध्ये गोदी पुढे पुढे जात राहिली, सेंटर फॉरवर्डने गोलकडे पाठ करून चेंडू घेतला, वळला, खालच्या कोपऱ्यात. १-१. मी खुर्चीतून उठलो होतो. माझ्या डोळ्यात पाणी होतं. दादा शांत होता, भारावला असणार.

ताबडतोब लिहायला बसलो. असं लिखाण कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. एकदाही थांबलो नाही. वाचणाऱ्याला चेंडू दिसेल. पाठवून दिलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

दुपारी लक्षात आलं. बायकोने विचारलं, काल हरला होतात ना? मी म्हणालो, अर्थात. मग पोर्टल उघडलं. लेखात १-१.

माझ्या नावाने. ज्या माणसाने ओरड्यावर, हेअरकटवर, क्रमांक चारवर आयुष्यभर संताप केला, त्याच्या नावाखाली एक न झालेला गोल. आणि तो लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद.

हेडला लगेच फोन करणार होतो. पण आधी प्रतिक्रिया बघितल्या. दोन होत्या. एकाला वजन कमी करायचा काढा विकायचा होता. दुसऱ्याने गोलकीपरला शिवी दिली होती, तीही दुसऱ्याच क्लबच्या. चूक कोणी काढली नव्हती. एकानेही नाही.

याचा अर्थ वाचकाचा माझ्यावर विश्वास आहे. असा विश्वास एका दिवसात मिळत नाही. तो डळमळीत करायचा का, हा प्रश्न आहे. विचार करतो.

हेडचा मेसेज आला: छान, पुढच्या वेळी अजून छोटं. म्हणजे सदर चालू झालं!

२२ ऑक्टोबर, बुधवार, सं. ६

एक वाचक होता.

पुतणीने दादाच्या फोनमध्ये काहीतरी टाकून दिलंय. त्यावर बोट ठेवलं की फोन मजकूर वाचून दाखवतो. मला माहीत नव्हतं. दादा म्हणाला, तुझं सगळं लिखाण मी त्यावर ऐकतो, पहिल्यापासून. तो आवाज जरा रडका आहे, पण शब्द तुझे असतात.

हेड म्हणतो शेवटपर्यंत जाणारा मी एकटाच. दादा माझंच लॉगिन वापरत होता. त्याच्या फोनमध्ये मीच घालून दिलं होतं कधीतरी.

मग तो म्हणाला, रविवारी आपण हरलो.

मी म्हणालो, कोण म्हणतं? तो म्हणाला, खिडकी लावली तरी गोलचा गलका ऐकू येतोच रे. त्या मैदानावर मी उभा होतो, आपल्या गोलला लोक कसे ओरडतात ते मला ठाऊक आहे. तू गोल सांगत होतास तेव्हा बाहेर चिटपाखरू ओरडलं नाही.

म्हणजे पहिल्यापासून. घरच्या प्रत्येक मॅचला. तो विंगर, तो हेडर, सगळे माझे गोल तो नुसते ऐकून घेत होता आणि हसत होता. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, तुला आनंद व्हायचा. मला वाटलं, चालू दे, खोलीतल्या खोलीत आहे. पण तू तेच तिथे लिहिलंस. आपल्याला लहानपणी त्या पेपरात हरलेलं हरलेलंच यायचं ना रे?

मी म्हणालो, हल्लीचं सगळं लिखाणच घसरलंय, दादा. काय छापून येतं तुला माहीत नाही. तो म्हणाला, हो, तू सांगितलंस.

मग त्याने विचारलं, खाली जाणार का आपण? मी हो म्हणालो. त्याने मान हलवली. म्हणाला, मुलीला सांग, ठरल्याप्रमाणे ये म्हणावं, मी येतो.

मला वाटलं होतं मी त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती या घरात. आज कळलं की तो माझ्यासाठी बसत होता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

कालचं जरा जास्तच भावनिक लिहिलंय. दादा रागावला असेल, रागावर बोलला. राग उतरला की राहील. रविवारपासून एक अक्षर बदलायचं नाही. आवाज चालू ठेवायचा. खिडकी उघडी. मैदानावर न्यायचं. लेखावर दुरुस्ती टाकायची.

हेडला दुरुस्तीचं बोललो. तो म्हणाला, तो लेख आता खाली गेला, कोण बघतंय? जुनं उकरून काढलं की सर्चमध्ये वर येतं, उलट. मी आग्रह धरला. तो म्हणाला, बरं, करा, पण त्या जागी काहीतरी हलकंफुलकं टाका. हेअरकटवर आहे का काही?

नाही म्हणालो. तत्त्व म्हणजे तत्त्व. दुरुस्तीही राहिली.

२६ ऑक्टोबर, रविवार

दादाला म्हणालो, चल, मैदानावर. तो म्हणाला, आज पाय दुखतायत. खोटं बोलायची त्याला सवय नाही, लगेच कळतं.

खिडकी उघडली, आवाज चालू केला. ओरड्या ओरडत होता. मी गप्प बसलो, फक्त दादाने विचारलं तर सांगायचं असं ठरवून. त्याने काही विचारलं नाही. हरलो. जेवला मात्र पोटभर. बहुतेक मॅचमुळे तो उपाशी राहत नव्हता.

१ नोव्हेंबर, शनिवार

पुतणी आली. बॅगा भरल्या. फार सामान नाही, एक स्वेटर, औषधं, वहिनीचा फोटो. फोटो त्याने स्वतः कपड्यात गुंडाळला, बोटांनी कड चाचपत.

तिच्या घरासमोर शाळेचं मैदान आहे म्हणे. संध्याकाळी मुलं खेळतात. मागे दादा दोन दिवस तिच्याकडे गेला होता तेव्हा गोलच्या मागे खुर्ची टाकून बसायचा. ती म्हणाली, काका, बाबा नुसत्या आवाजावर सांगतात, आता उजवीकडून येणार म्हणून. मुलांनी त्यांना कोच करून टाकलंय. मी म्हणालो, पण ती काही लीग नाही. ती म्हणाली, नाही, काका.

मी दादाला म्हणालो, दर रविवारी फोनवरून अख्खी मॅच सांगेन, जशी असेल तशी. तो म्हणाला, फोन कर. मॅचचंच असं नाही, कधीही कर.

जाताना त्याने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला. एवढा म्हातारा कधी झालास म्हणाला. मी म्हणालो, ऑफिस. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. त्याला दिसणार नव्हतं, तरी हात हलवत होतो. बायकोने माझा हात धरून खाली केला.

मागच्या खोलीत लिहायला बसायचं ठरवलं. शांत आहे. इथे सदर जोमात होईल.

९ नोव्हेंबर, रविवार

मॅच नव्हती. बरं झालं. खोलीत बसवत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, सं. ७

एकटाच मैदानावर गेलो. पहिल्यांदाच, कितीतरी वर्षांनी. पुढच्याची पाठ वगैरे काही नव्हतं. पुढे कोणी नव्हतंच. कठड्याला टेकून गोलच्या मागे उभा राहिलो.

जिंकलो. १-०. खरंच.

गोल गुडघ्याला पट्टी बांधलेल्या बॅकने मारला, चेंडू कोणाच्या तरी पाठीला लागून आत गेला. अजिबात सुंदर नव्हता. मग शेवटच्या मिनिटांत त्यांना पेनल्टी. आमचा गोलकीपर, जो सगळा सीझन घसरतोय, तो हललासुद्धा नाही, समोरच्याने मारेपर्यंत थांबला आणि उजवीकडे पडून चेंडू दाबला. दादा असाच थांबायचा. दोन-चारशे माणसं होती, पण काय ओरडली! मीही ओरडलो. शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्याच्या स्वेटरला तंबाखूचा वास होता. दादा पाहिजे होता. इतका पाहिजे होता की मला तिथेच रडू आलं. त्या माणसाला वाटलं मी क्लबसाठी रडतोय.

धावत घरी आलो, फोन लावला. दम लागला होता. सगळं सांगितलं, एक अक्षर न वाढवता. बॅकची पट्टी, पाठीला लागलेला चेंडू, पेनल्टी, तो कसा थांबला.

दादा शेवटपर्यंत ऐकत होता. म्हणाला, वा. छान सांगितलंस.

मी म्हणालो, दादा, हे खरं आहे. तो म्हणाला, हो रे, बरं वाटलं ऐकून. अगदी प्रेमाने. तो आवाज मी ओळखतो. विंगरच्या गोललाही तो असाच हसला होता.

मी म्हणालो, शपथ. मैदानावर होतो मी. थांब, आत्ता लिहितो, तासाभरात पोर्टलवर येईल, तुझ्या फोनवर ऐक.

मग त्याने विचारलं, पण ते तूच लिहितोस ना?

मी हो म्हणालो.